लेडीज फळी

भाऊबीजेच्या ओवाळणीत भावानं काय घालावं याला आता काही धरबंध राहिलेला नाही. साडी घालतात, मिक्सर घालतात. मागच्या वर्षी शेजारच्या घरी तर भावानं बहिणीच्या ताटात मोबाईलचं रिकामं खोकं ठेवलं आणि मोबाईल मागून कुरिअरनं येतोय म्हणून सांगितलं. पण संतराम मामानं या वर्षी रुपाबाईच्या ताटात जे घातलं, ते ताटात मावलंच नाही. एक टोक ताटाच्या कडेवर टेकलं, दुसरं मामानं स्वतःच्या मांडीवर धरून ठेवलं, निरांजन कलंडू नये म्हणून रुपाबाईनं ताट तिरपं केलं, आणि घरातले सगळे त्या वस्तूकडे बघत राहिले. बर्फावरून घसरायची फळी होती ती. स्नोबोर्ड. फिकट गुलाबी रंगाची, वर पांढरी फुलं, आणि मधोमध मामानं हळदीकुंकवानं काढलेलं स्वस्तिक. नवा ट्रॅक्टर आला की नारळ फोडून पूजा करतात, तशी वारंगा फाट्यावरच्या आपल्या टायरच्या दुकानात मामा या फळीचीही पूजा उरकून आला होता.

कळमनुरी तालुक्यात बर्फ पडत नाही, हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे बर्फ दिसतो तो उन्हाळ्यात रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेला. तरीही ही फळी या घरात आली, कारण या घरात मनकर्णा होती.

मनकर्णा ही हरीशराव आणि रुपाबाईची एकुलती एक लेक. आजीचं नाव तिला ठेवलेलं. शाळेत सगळ्या पूजा आणि प्रतीक्षांच्या रांगेत ही एकटी मनकर्णा, त्यामुळे नाव सांगताना हनुवटी वर करायची सवय तिला पहिलीपासून लागली, ती लागलीच. कॉलेजात एनसीसीत गेली, तिथून डोंगर चढायच्या शिबिराला, तिथून गुलमर्गला बर्फावरच्या शिबिराला. तिथे एकदा फळीवर उभी राहिली, ती तीन हिवाळे झाले तरी खाली उतरली नाही. गावानं आधी नावं ठेवली, पेपरात फोटो आल्यावर शाल-नारळ दिला, आणि पुढच्याच महिन्यात पोरीचं लग्नाचं वय निघून चाललं म्हणून परत नावं ठेवली. मनकर्णानं तिन्ही वेळा सारखंच तोंड केलं होतं.

या हिवाळ्यात तिची परीक्षा होती. गुलमर्गला येणारे बहुतेक लोक यंत्रानं दाबून सपाट केलेल्या उतारावर खेळतात आणि फोटो काढून घरी जातात. पण काहींना वरचा, कोणी न तुडवलेला बर्फ हवा असतो. कमरेइतका खोल, पिठासारखा भुसभुशीत. त्यांना वर घेऊन जाणारी वाटाड्यांची एक तुकडी होती आणि त्या तुकडीत आजवर मुलगी नव्हती. जानेवारीत मनकर्णानं त्या बर्फातून उतरून दाखवलं, तर ती तुकडीत जाणार होती. नाही जमलं, तर खालच्या उतारावर पर्यटकांच्या लेकरांचे हात धरून त्यांना उभं राहायला शिकवत बसायचं. या परीक्षेला स्वतःची फळी लागते. भाड्याची फळी घेऊन आलेल्या माणसाच्या मागे कोण जाणार?

म्हणून सहा महिने ती फळी निवडत होती. स्थळांच्या एकाही फोटोकडे जिनं धड पाहिलं नव्हतं, ती मोबाईलवर फळ्यांचे फोटो बोटांनी मोठे करकरून बघायची. तिला काय हवं होतं ते पक्कं ठरलेलं होतं. नाक लांब, रुंद आणि वर उचललेलं, म्हणजे भुसभुशीत बर्फात ते वर राहतं. शेपूट आखूड आणि निमुळतं, म्हणजे ते खाली बसतं आणि नाकाला आणखी वर येऊ देतं. पाय बांधायची जागा मधोमध नको, जरा मागे हवी. आणि फळी बायकांचीच हवी. गुलमर्गची पोरं तिला हसली होती, म्हणाली होती की खऱ्या बर्फात जायचं तर पुरुषांची घे. मनकर्णानं तीन हिवाळे भाड्याच्या पुरुषी फळ्याच चालवल्या होत्या. त्या तिच्या वजनाला जड पडायच्या, तिचं पाऊल फळीच्या कडेपर्यंत पोचायचंच नाही, आणि झाड समोर आलं की फळी दोन क्षण उशिरा वळायची. दोन क्षणांत झाड बाजूला सरकत नसतं. बायकांची फळी म्हणजे नाजूक फळी नव्हे, आपल्या वजनाची आणि आपल्या पावलाची फळी, हे तिनं त्या पोरांना सुनावलं होतं.

ती ऑर्डर करणार, तेवढ्यात दसऱ्याला संतराम मामा म्हणाला, थांब, मामा कशाला असतो, भाऊबीजेला मी आणतो. मनकर्णा फाट्यावर त्याच्या दुकानात गेली आणि त्याला सगळं समजावून सांगितलं. मामाला समजायला वेळही लागला नाही. चिखलात जाणाऱ्या ट्रॅक्टरला रुंद टायर आणि डांबरी रस्त्याच्या गाडीला अरुंद, हे ज्याच्या तीस वर्षांच्या धंद्याचं सार, त्याला फळीचं नाक काय अवघड? तो म्हणाला, समजलं, तुला चिखलातली पाहिजे.

आणि आज ताटात होती ती ही. मनकर्णानं ती उचलली. दोन्ही टोकं सारखी, दोन्ही अरुंद. मधोमध हातानं दाबली तर वेताच्या छडीसारखी वाकली. सपाट उतारावर पहिल्यांदा उभं राहणाऱ्या मुलीसाठी ही फळी फार चांगली होती. जिला जानेवारीत कमरेइतक्या बर्फात उतरायचं होतं तिच्यासाठी तिचा काही उपयोग नव्हता.

घरात सगळे तिच्याकडे बघत होते. आता तिनं वाकून मामाच्या पाया पडायचं होतं, मामानं डोक्यावर हात ठेवायचा होता आणि मग पुरणपोळी.

“मामा, ही चालायची न्हाई,” मनकर्णा म्हणाली.

हरीशराव लेकीवर क्वचित रागवायचे. आता मात्र त्यांचा आवाज चढला. ओवाळणीला नावं ठेवतेत का, त्यांनी विचारलं, आणि तेही सणाच्या दिवशी, मामाच्या तोंडावर? त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आमच्याकडे ओवाळणीत फाटकी नोट पडली तरी बहीण ती कपाळाला लावते. ओवाळणी परत करणं म्हणजे भावाला उंबऱ्याबाहेर काढणं. मनकर्णाला हे ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला जास्त राग येत होता. दुकानातून आलेली चुकीची वस्तू बदलता येते. ताटातून आलेल्या चुकीच्या वस्तूला नमस्कार करावा लागतो.

मामा म्हणाला, चांगली लेडीज फळी आहे, दुकानदारानं खास लेडीजच दिली.

“मला बी लेडीजच पाह्यजे, मामा. पण बुडणारी नको.”

मामानं नजर चुकवली. मनकर्णाला ते जरा विचित्र वाटलं. संतराम मामा भांडणात मागे हटणारा माणूस नव्हता. फाट्यावर ट्रकवाले सुद्धा त्याच्याशी जपून बोलायचे. पण आज तो बहिणीकडे बघत होता आणि बहीण निरांजनाची वात सारखी करत होती, जिच्यात सारखं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग मामा एकदम म्हणाला, न चालवता नावं ठेवून राहिली, आधी चालवून तर बघ.

“चला,” मनकर्णा म्हणाली. “माळावर चला.”

बर्फ नसताना चालवणार कुठे, असं परका माणूस विचारेल. गावातलं कोणी विचारत नव्हतं. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची मळणी उरकलेली असते आणि शेंगांच्या टरफलांचा, काड्यांचा भुसा उरतो. त्याला आमच्याकडे कुटार म्हणतात. हरीशरावांचं रान माळाच्या कडेला, तिथून थेट ओढ्यापर्यंत उतार. दोन वर्षांमागे मनकर्णानं वडिलांच्या मागे लागून मळणी यंत्र त्या उताराच्या डोक्यावर उभं करवलं आणि कुटाराची धार खाली उतारावर सोडवली. वारा चांगला मिळतो म्हणून मग आजूबाजूच्यांनीही तिथेच मळणी केली. आख्खा उतार कुटारानं भरला, कुठे गुडघाभर, कुठे कमरेइतका. त्यावर ती घसरायला लागली तेव्हा गावानं पोट धरून हसून घेतलं आणि त्या उताराला मनीचं काश्मीर असं नाव देऊन टाकलं. कुटार काही बर्फ नव्हे. अंगाला खाजतं, नाकातोंडात जातं आणि वेग येत नाही. पण हलकं असतं, भुसभुशीत असतं, आणि त्यात काय बुडतं आणि काय वर राहतं ते स्वच्छ दिसतं.

जेवण झाल्यावर सगळे निघाले. भाऊबीजेला घरोघर पाहुणे आणि दुपारी कोणालाच काही काम नसतं, त्यामुळे माळावर पोचेपर्यंत मागे निम्मं गाव जमलं. मामाच्या ओवाळणीला पोरीनं नावं ठेवली, ही बातमी पुरणपोळीच्या आधीच गल्लीभर झाली होती. कोणी म्हणालं, शिकलेल्या पोरीला मानपान कळत नाही. मनकर्णानं ते ऐकलं, आणि ज्या बाईनं म्हटलं तिच्याकडे वळून, काकू, तुमी पुढं उभ्या राहा, तिथून चांगलं दिसतं, एवढं सांगून ती वर चढली.

आधी तिनं स्वतःची फळी काढली. मागच्या वर्षी तिनं दोन पातळ प्लाय भिजवून, दगडाखाली वाकवून, एकमेकांना चिकटवून ती केली होती. पाय अडकवायला मामाच्याच दुकानातल्या जुन्या ट्यूबचे पट्टे. दिसायला भयानक होती. पण नाक परातीएवढं रुंद आणि वर उचललेलं. बर्फावर ती टिकली नसती, कडेला पोलाद नाही, पहिल्याच दगडावर फुटली असती. कुटारावर मात्र मनकर्णा तिच्यावर उभी राहिली आणि अलगद खाली गेली. नाक कुटाराच्या वर, मागे धुरळ्याचा पट्टा, मधल्या खोल जागेत एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि ओढ्याच्या काठाशी येऊन थांबली. लोकांनी हे पूर्वी पाहिलेलं होतं, त्यांना त्यात विशेष वाटलं नाही.

मग तिनं गुलाबी फळी घेतली. स्वस्तिकाला हात लावून तो कपाळाला लावला, ओढणीच्या टोकानं कुंकू पुसलं, कारण त्यावर बूट ठेवणं तिलाही पटलं नसतं. मामानं पाय अडकवायचे खटके अगदी बरोबर मधोमध बसवले होते. त्याच्याकडून पाना मागून तिनं ते मागच्या शेवटच्या भोकापर्यंत सरकवले. फळीला जेवढी संधी देता येईल तेवढी तिला द्यायची होती. उद्या कोणी म्हणायला नको की पोरीनं मुद्दाम बुडवली.

पहिल्या चार हातांत फळी बरी चालली. मग कुटार खोल झालं आणि नाकानं माती हुंगायला सुरुवात केली. मनकर्णानं सगळा भार मागच्या पायावर टाकला. मांडी पेटली. नाक वर येईना. कुटार फळीवर चढलं, घोट्यावर चढलं, गुडघ्यापर्यंत आलं, आणि मग पुढचं टोक कुठेतरी खाली रुतलं आणि ती डोक्यावरून पलटी खाऊन कुटारात गेली. वर राहिले ते फक्त तिचे बूट आणि त्यांना जोडलेली ती फुलाफुलांची गुलाबी फळी.

लोक हसले. हसण्यासारखंच होतं.

रुपाबाई हसली नाही. ती तोपर्यंत काठावर पदर खोचून उभी होती. आता ती धावत कुटारात घुसली, कमरेइतक्या भुशातून हातांनी वाट काढत लेकीजवळ पोचली आणि दोन्ही हातांनी उकरू लागली. मनकर्णा केव्हाच उठून बसली होती, तोंडातलं कुटार थुंकत होती, तरी रुपाबाई उकरतच होती. तिच्या हातातली सणाची नवी काचेची बांगडी फुटली, मनगटाला लागलं, तिला कळलं नाही. मनकर्णानं तिचे दोन्ही हात धरले तेव्हा ती थांबली. हसणारे लोकही थांबले.

मनकर्णानं त्या क्षणी आईकडे बघायला हवं होतं. पण ती संतापली होती, आणि संतापलेल्या माणसाला समोर उभा असलेला दिसतो. तिनं मामाला विचारलं, आता पटलं का? चिखलातली फळी पाहिजे असं तुम्हीच म्हणाला होता ना? आयुष्यात एका तरी ट्रकला चुकीचं टायर बसवलं आहे का तुम्ही? मग भाचीलाच काहून?

मामाचा चेहरा लाल झाला. सगळ्या गावासमोर त्याच्या धंद्याची अक्कल निघाली होती, आणि ती एकच गोष्ट अशी होती जी तो ऐकून घेऊ शकत नव्हता.

“मला काहून बोलून राहिलीस?” तो म्हणाला. “मला समदं समजत व्हतं. दुकानदारानं दोन फळ्या दाखवल्या व्हत्या. रुंद नाकाची तुझी, बराबर तू सांगितल्यासारखी. ती बाजूला बी काढून ठेवली व्हती म्या. मंग तुझ्या मायनं फोन केला. खोल बर्फात जातच न्हाई अशी आण म्हणली. आता तिलाच इचार.”

मनकर्णानं आईचे हात अजून धरलेले होते. तिनं ते सोडले.

“व्हय,” रुपाबाई म्हणाली. “म्याच सांगितलं.”

मागच्या हिवाळ्यात मनकर्णा वरच्या बर्फात एकदा बुडाली होती. भाड्याची फळी, अरुंद नाक, झाडांमधला उतार. फळी खाली घुसली आणि ती डोक्याकडून आत गेली. बरोबरच्या पोरांनी तिला लगेच ओढून काढलं. कोणीतरी त्याचं शूटिंग केलं होतं, ते फिरत फिरत गावाच्या ग्रुपवर आलं, आणि ग्रुपवरच्या लोकांनी खाली हसण्याची चित्रं टाकली. मनकर्णानं घरी फोन करून, काही झालं नाही माय, पडले होते, असं सांगितलं आणि तिच्या लेखी तो विषय संपला. रुपाबाईच्या लेखी तो संपला नव्हता. तिनं ते शूटिंग पुसलं नव्हतं.

“त्यात नुस्ते तुझे बूट दिसतेत, मने,” ती म्हणाली. “बाकी काहीच न्हाई. म्या रोज बघते. मला वाटलं, फळीच तशी असली तर तुला वर कोणी न्हेणार न्हाई. खाली लेकरायला शिकवत बसशील. बसू दे. जित्ती राहशील.”

मनकर्णाला एवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता. मामानं फसवलं असतं, वडिलांनी अडवलं असतं, गावानं आडकाठी केली असती, तर ती लढली असती, त्या सगळ्याची तिला सवय होती. पण आईच तिला नापास करायला निघाली होती, आणि तेही ओवाळणीच्या ताटातून, कुंकू लावून. मला तोंडावर का नाही सांगितलंस, असं तिला ओरडावंसं वाटलं. ओरडायला तोंड उघडलं, तेव्हा आईच्या मनगटावरचं रक्त तिला दिसलं. त्यानं राग गेला नाही. पण आवाज खाली आला.

रुपाबाईचा हिशेब साधा होता आणि त्यात एकच चूक होती. ती स्वतः ज्या पोरीची आई होती त्या पोरीलाच तिनं हिशेबात धरलं नव्हतं.

“माय, ऐक,” मनकर्णा म्हणाली. “मी तर जाणारच हाय. तू ही फळी दिलीस तर ही घेऊन जाईन. ही बी काढून घेतलीस तर ती प्लायची घेऊन जाईन, न्हाई तर दाराची फळी काढून न्हेईन. जायचं का न्हाई ते तुझ्या हातात न्हाई. बुडणारी घेऊन जाऊ का तरंगणारी, एवढंच तुझ्या हातात हाय. सांग.”

काठावर कोणी तरी म्हणालं, लई तोंडाळ पोरगी हाय. हरीशरावांनी त्या माणसाकडे अशा नजरेनं पाहिलं की तो पानाची पिंक टाकायच्या निमित्तानं लांब गेला.

रुपाबाई कुटारातच खाली बसली. शेजारी ती गुलाबी फळी नाक खुपसून पडली होती आणि खाली ओढ्याच्या काठाला प्लायची भयानक फळी. ती एकीकडून दुसरीकडे बघत राहिली. कुटारात दोन्हींचे माग उमटले होते. प्लायचा लांब, वळणावळणाचा, ओढ्यापर्यंत गेलेला. गुलाबीचा आखूड, आणि शेवटी खड्डा.

“तिच्यावर काहून न्हाई बुडलीस?” तिनं विचारलं.

मनकर्णानं सांगितलं. नाक दाखवलं, शेपूट दाखवलं, पाय कुठे असतात ते दाखवलं. रुपाबाईनं मध्ये एकदाही मान डोलावली नाही. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, मोबाईल दे, त्या फळ्या दाखव.

आणि मग त्या माळावर, निम्म्या गावासमोर, कुटारात मांडी घालून बसून रुपाबाईनं फळ्या बघितल्या. पाचवी शिकलेली बाई, पण बाजारात वांगं सुद्धा देठ तपासल्याशिवाय घेत नसे. मनकर्णाला सगळ्यांत आवडलेली निळी फळी तिनं पहिल्या नजरेत नापास केली. नाक बारीक आहे, म्हणाली. मनकर्णानं सांगितलं की तेवढं पुरतं. रुपाबाई म्हणाली, पुरतं म्हणजे काय, उरलं पाहिजे. दुसरीचं शेपूट तिला जाड वाटलं. तिसरी सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत रुंद होती, खाटेएवढी, आणि तिच्यावर तिचं बोट अडकलं. हीच, ती म्हणाली, ही कशात बुडणार न्हाई.

मनकर्णा इथेही मागे हटली नाही. ती फळी गड्यांची होती, दीडपट वजनाच्या माणसाची. तिच्यावर मी बुडणार न्हाई, ती म्हणाली, पण झाड आलं तर वळणार बी न्हाई. रुपाबाईला झाडांचं कोणी सांगितलं नव्हतं. तिनं झाडं किती असतात, किती जवळ असतात, वळायला किती जागा लागते, असं एकेक विचारलं, आणि मनकर्णानं एकही उत्तर गोड करून दिलं नाही. मामा जवळ येऊन उभा राहिला होता. त्यानं हळूच सांगितलं की रुंदीला सुद्धा हद्द असते, टायर लई रुंद झालं की स्टेअरिंग जड होतं. रुपाबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही, पण ऐकलं.

शेवटी तिचं बोट एका काळ्या फळीवर थांबलं. फुलं नाहीत, रंग नाही. नाक रुंद आणि उचललेलं, शेपूट निमुळतं, मधली रुंदी तिच्या लेकीच्या पावलाएवढी. मनकर्णाच्या यादीत ती निळीच्या खालोखाल होती. आता नीट बघितल्यावर तिला वाटलं की पहिली असायला हवी होती.

“ही वळंल?”

“वळंल.”

“बुडणार न्हाई?”

“फळी बुडणार न्हाई, माय. माझं मी बघीन.”

हे उत्तर रुपाबाईला अजिबात आवडलं नाही. तिला नुसतं न्हाई ऐकायचं होतं, आणि मनकर्णाला खोटं बोलायचं नव्हतं. तरी रुपाबाईनं मोबाईल भावाच्या हातात दिला.

मामानं घसा खाकरला. ओवाळणी परत घेत नसतात, रुपा, तो म्हणाला, आणि ती आता वापरली बी हाय, दुकानदार घेणार न्हाई.

“परत कोण करून राहिलं?” रुपाबाई म्हणाली. “ही माझी ओवाळणी हाय, माझ्यापाशीच राहील. म्या आणखी एक मागून राहिले. बहीण मागती तर भाऊ न्हाई म्हणतो का?”

निम्मं गाव ऐकत होतं. भाऊबीजेच्या दिवशी, सगळ्यांसमोर, कोणता भाऊ न्हाई म्हणेल? मामानं खिशातून स्वतःचा फोन काढला आणि दुकानदाराचा नंबर शोधायला लागला. शोधता शोधता त्याला हसू आलं, आणि ते लपवायला तो तोंड फिरवून उभा राहिला.

गुलाबी फळी वाईट नव्हती, हे मनकर्णानं त्याला समजावलं. तिथे नव्यानं शिकायला येणाऱ्या मुलींना असलीच लागते, आईनं दिली तर ती सोबत घेऊन जाईल. रुपाबाईनं नुसतं हूं केलं. ती उठली, लुगड्याला चिकटलेलं कुटार झटकलं, मनगट पदरानं पुसलं आणि चढ चढायला लागली. मनकर्णानं आधाराला हात दिला, तो तिनं घेतला नाही.

वर पोचल्यावर ती थांबली आणि वळली.

“काळीच आण म्हणावं मामाला, दुकानदारानं दुसरी दिली तर घेऊ नको,” ती म्हणाली. “आन तू ऐक. बुडलीस, तर माझ्याशी गाठ हाय.”